गोठ्यावरचं तवसं

माझा थोरला भाऊ गावात सांगत फिरतो, की माझ्या पोरीला गोलकीपर त्याने केली. देवळात सांगतो, एसटीच्या थांब्यावर सांगतो, गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना ओटीवर बसवून, चहा पाजून सांगतो. मागच्या गणपतीत वाडीतल्या पोरांनी बक्षीस वाटायला त्याला खुर्ची दिली, तर तिथेही माईक हातात घेऊन हेच. मी मंडपात मागे उभा होतो. हातात नारळ होता. तो देवापुढे फोडायचा होता म्हणून वाचला, नाहीतर कुठे फोडला असता ते सांगत नाही.

म्हणून लिहायला बसलो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. शुद्धलेखन कोणाला टोचलं तर त्याने पान उलटावं, माझी काही हरकत नाही. पण झालं काय ते मला माहीत आहे आणि ते मी सांगणार.

आम्ही तेव्हा बोरिवलीला, काजूपाड्याच्या चढावर पत्र्याच्या चाळीत राहायचो. माझी गिरणी संपात गेली ती गेलीच. मग मी दहिसरच्या चेकनाक्यावर ट्रकांच्या ताडपत्र्या आवळून बांधायचं काम धरलं. बायको एका कारखान्यात पॅकिंगला जायची. आमची एकच पोरगी. तिला बघायला घरी कोणी नाही, म्हणून शाळेत घालायचं वय होईपर्यंत ती गावाला थोरल्याकडे वाढली. त्याला पोरबाळ नाही. त्याने तिला खांद्यावर बसवून वाढवली, हे मी नाकारत नाही. नाकारण्याइतका मी खोटा नाही. खोटं बोलणारा तो.

आंबे उतरवायच्या दिवसांत थोरला झाडावर चढायचा. झेला पोचेल ते आंबे झेल्याने काढायचा. झेला म्हणजे काठीला बांधलेली जाळी. पण शेंड्याच्या दाट फांद्यांतले आंबे झेल्यात येत नाहीत. ते तो हाताने तोडून वरून सोडायचा आणि खाली ही एवढीशी पोर झेलायची. आंबा नुसता पकडून चालत नाही. हात ताठ ठेवला तर आंब्याला आतून मार बसतो, वरून दिसत नाही, आढीत घातला की काळा पडतो. म्हणून आंबा हाताला लागला की हात त्याच्याबरोबर खाली न्यायचा, पोटाशी घ्यायचा. थोरला वरून ओरडायचा, "झेल गो चेडवा! आंबो पडलो तर बघ हां!" ती पडू देत नसे.

मुंबईला आल्यावर ती म्युनिसिपालिटीच्या शाळेत जाऊ लागली. तिथे खेळाच्या एक बाई होत्या, गोराईकडच्या ख्रिश्चन. आमच्यासारखीच मराठी बोलायच्या, फक्त थोडी उड्या मारत. त्या रविवारी चर्च सुटल्यावर मागच्या मैदानात मुलींचा फुटबॉल घ्यायच्या. सगळ्या मुली त्यांच्याच वस्तीतल्या, गुडघ्याच्या वर चड्डी घालून धावणाऱ्या. आमची त्यांच्यात जायचं म्हणाली तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला.

"चड्डी घालून? चाळीत तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. शेवटी बाई स्वतः आमच्या खोलीत आल्या, बसल्या, बायकोच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाल्या, "वहिनी, गोलकीपरला फुल पँट चालते."

एवढ्यावर ठरलं. पाय झाकलेले राहतील म्हणून माझी पोरगी गोलकीपर झाली. दुसरं काही कारण नाही. चाळीतले लोक त्यावरही हसायचे. एक जण मला नळावर म्हणाला, "काय हो, पोरगी काय चौकीदार झाली का चर्चची?" मी त्याला म्हटलं, "हो, तुझ्यासारखे भुरटे आत येऊ नयेत म्हणून." त्याने पुन्हा विचारलं नाही.

पहिल्याच महिन्यात बाईंनी मला मैदानावर बोलावून घेतलं. "अहो, बघा जरा," म्हणाल्या. "बाकीच्या मुली बॉल पकडतात ना, धप्प आवाज येतो. हिचा येतच नाही. कुठे शिकली?"

मी म्हटलं, "आंब्याखाली."

बाईंना वाटलं मी मस्करी करतोय.

मैदान कसलं, खडी होती नुसती. गोलाच्या तोंडाशी तर गवताचं पान नाही. पोरगी घरी यायची ती कोपरं सोलून. बायको हळद लावायची आणि शिव्या द्यायची. शिव्या मला, हळद तिला. हातमोजे कुठले मिळणार? नाक्यावर दोरखंड ओढायला मला सुती मोजे मिळायचे, तेच धुऊन ती घालायची. चार-पाच वर्षं ती त्या खडीत पडली, उठली. मढला कोळ्यांच्या वस्तीत सामने व्हायचे, तिथे वाळूत पडायला मिळालं की खूश व्हायची. बाईंचा संघ अंधेरीपासून मालाडपर्यंतच्या मुलींना हरवू लागला. कशामुळे? पुढच्या मुली गोल मारायच्या हे खरं, पण मागे माझी पोरगी काही जाऊच द्यायची नाही.

मग एक दिवस बाई धावतच आल्या. महाराष्ट्राचा मुलींचा संघ निवडणार होते, आणि हिला चाचणीला बोलावलं होतं. काजूपाड्याच्या पत्र्याच्या खोलीतली पोर महाराष्ट्राच्या गोलात! मी त्या दिवशी नाक्यावर सगळ्यांना चहा पाजला. फक्त दिवस विचारला तेव्हा तोंडातला घोट तोंडात राहिला. चाचणी गौरी आणायच्या दिवशी, सकाळी, अंधेरीच्या मैदानावर.

आता आमची रीत सांगितली पाहिजे. आमच्या भावकीचा गणपती एकच, मूळ घरात. प्रत्येक वर्षी एका घराची पाळी. ज्याची पाळी, त्याने सगळं करायचं, आणि गवरही त्याच्याच घरातल्या लग्न न झालेल्या मुलीने आणायची. व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर जायचं, तेरड्याची रोपं घ्यायची, तोंडात पाणी धरायचं आणि गवर घरात बसेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. त्या वर्षी पाळी माझी होती.

मी थोरल्याला आधीच कळवलं. बायकोला पुढे पाठवतो, ती सगळं करील. खर्चात कमी पडणार नाही. आम्ही दोघं चाचणी झाली की निघतो, विसर्जनाला पोचतो. गवर चुलत भावाची मुलगी आणील. ती काय परकी आहे? थोरल्याचा निरोप आला, "असा कधी झाला नाय." मी उलटा निरोप दिला, "आता होईल."

बायको गेली. गणपती बसले. मी आणि पोरगी मुंबईत. चाचणीच्या आदल्या दुपारी ती पायऱ्यांवर बसून माझे सुती मोजे वाळवत होती. तेवढ्यात वाडीतला एक जण चढ चढून आला. गणपतीत खाजगी गाड्या चाकरमानी भरून गावाला जातात आणि रिकाम्या परत येतात, तसल्या एका गाडीवर तो क्लीनर होता. दारातच चपला न काढता म्हणाला, "थोरल्याचा काय खरा नाय. काल छातीत कळ इली. चेडवाक एकदा बघूचा म्हणता."

पोरगी पायरीवरून उठली.

मी म्हटलं, "डॉक्टर?"

"येवन गेलो. मान हलवल्यान."

मी पोरीला म्हटलं, मी एकटा जातो, तू बाईंच्या घरी राहा, उद्या खेळ आणि मग ये. ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाबा, काका मला बघायचं म्हणतात, आणि मी बॉल पकडत बसू?" ज्याने खांद्यावर वाढवली त्याच्यासाठी ती निघाली. तिने स्वतः पिशवी भरली. बाईंना निरोप द्यायला तीच पळत गेली. बाईंनी तिला अडवलं नाही, फक्त म्हणाल्या, "देव त्यांना बरं करो."

क्लीनर म्हणाला, "चला, दोन सीट ठेवलंय."

घाट लागला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गणपतीचे दिवस. माणसं टपावर बसून गावाला जातात. खिडकीत बायकापोरं कोंबलेली. आणि आमच्यासाठी दोन सीट, शेजारी शेजारी, पुढच्या रांगेत? मरणाऱ्या माणसाने छातीत कळ यायच्या आधी सीट सांगून ठेवल्या होत्या की काय? मी क्लीनरला विचारलं. तो खिडकीबाहेर बघत पान थुंकला. पोरगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. मी तिला उठवलं नाही.

पोचलो तेव्हा सकाळ वर आली होती. अंधेरीत तेव्हा बाकीच्या मुली गोलापुढे उभ्या राहत असतील. आम्ही खळ्यात, घरापुढच्या अंगणात शिरलो. माझी बायको दारात परडी घेऊन उभी, आम्हाला बघून तिचा चेहराच उतरला. "तुम्ही कसे आलात? चाचणी?" म्हणजे तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं.

आणि थोरला? थोरला गोठ्याच्या छपरावर होता. गोठ्याच्या कौलांवर आम्ही तवशांचा वेल चढवतो. तवसं म्हणजे आमची गावची मोठी काकडी, हातभर. गवरीच्या नैवेद्याला तवसं लागतं, म्हणून छातीत कळ आलेला माझा भाऊ लुंगी खोचून शेवाळलेल्या कौलांवर बसून तवशी तोडत होता. आम्हाला बघून दात काढले. मोठं एक तवसं उचललं आणि वरून फेकलं.

"इलंस? झेल गो चेडवा!"

पोरगी बाजूला सरली. हात वर केलाच नाही. तवसं ओल्या खळ्यात आपटलं, फुटलं, बिया पायावर उडाल्या.

ती जन्मात पहिल्यांदा काही सोडत होती. थोरल्याचं हसू तिथल्या तिथे वाळलं.

मी जे बोललो ते सगळं इथे लिहिता येणार नाही. "उतर खाली," म्हटलं, "उतर, तुका आता खरीच कळ दाखवतंय." भावकी जमा झाली. कोणी माझा हात धरला, कोणी त्याचा. थोरला खाली उतरून लुंगी सारखी करत म्हणतो कसा, "मी मरतंय असा सांगल्याशिवाय तू येतलंस? पाळी तुझी. गवर कोणी हाडूची? घराण्याचा काय व्हयत?"

"आणि ह्या पोरीचा काय व्हयत?"

"तां काय, पुढच्या वर्षी खेळात. बॉल खंय पळता?"

बॉल खंय पळता! मला अजून ते आठवलं की दातावर दात बसतात. पुढच्या वर्षी! तिच्या वयाच्या मुलीला पुढचं वर्ष देणारा तू कोण? भावकीतल्या म्हाताऱ्यांनीही मलाच शहाणपण शिकवलं. "झाला ता झाला. देवाचा काम हा." देवाचं काम खोटं बोलून करायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

माझी बायको पोरीजवळ गेली. काय बोलली मला ऐकू आलं नाही. पोरगी विहिरीवर गेली, आंघोळ केली, आईची जुनी साडी नेसली आणि व्हाळावर गेली. तेरडा घेऊन परत आली ती तोंडात पाणी धरून. सगळ्या वाटेने तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि तोंडात पाणी असल्यामुळे रडता येत नव्हतं. वाडीतल्या बायका म्हणत होत्या, "बघा, कशी मुकी इली. असा हल्लीच्या चेडवांका जमता?"

मी विसर्जनाला थांबलो नाही.

मुंबईत आल्यावर कळलं, बांद्र्याची एक मुलगी घेतली. चांगली होती, मी नावं ठेवत नाही. पण माझी पोरगी तिथे उभी राहून हरली असती तर मी हरलो म्हणालो असतो. उभीच राहू दिली नाही तर हरली कशी म्हणायची?

वर्षभर ती मैदानावर गेली. घरात बोलायची कमी. बाई तिच्यावर इतके बॉल मारायच्या की बघवत नसे. त्या वर्षात मी गावाला पाऊल टाकलं नाही आणि थोरल्याशी एक अक्षर बोललो नाही.

पुढचे गणपती आले. चाचणी पुन्हा त्याच दिवसांत. संघ निवडणाऱ्यांना आमचे सण कुठे दिसतात? त्यांना आमची पोरगी एकदा दिसली असती तरी पुरे होतं. पाळी त्या वर्षी दुसऱ्याची, म्हणजे आमची कोणाला गरज नाही. मी निश्चिंत. तर आदल्या संध्याकाळी तोच क्लीनर, तोच चढ, तसाच दारात.

"थोरलो गोठ्यावरसून पडलो. मांडी मोडली. कणकवलीक नेलंय."

मी इतका हसलो की शेजारी बाहेर आले. "ह्या वेळी मांडी काय? छाती बरी झाली वाटतं? तवसं तोडताना पडला ना?"

"व्हय," तो म्हणाला. "तुमका कोणी सांगल्यान?"

"सीट किती ठेवलेस?"

"सीट नाय हा. फक्त सांगूक इलंय."

मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. पोरगी भांडी घासत होती. हात थांबले तिचे. "बाबा, खरं असलं तर?"

"खरं असलं तर कणकवलीला डॉक्टर आहेत. तू हाडवैद्य नाहीस."

ती पुन्हा भांडी घासू लागली. पण सकाळी मोजे पिशवीत घालून माझ्याआधी तीच दारात उभी होती.

अंधेरीच्या मैदानात चिखल होता, गोलाच्या तोंडाशी तर डबकंच. निवड करणाऱ्यांत एक सफारी सूट होता. छत्री दुसऱ्याच्या हातात, सुपारी ह्याच्या तोंडात. पोरीकडे बघून बाईंना म्हणाला, "ही तीच ना, लास्ट टाइम सणाला पळाली ती? अशा मुलींवर सीट वाया घालवायची का आम्ही?"

माझं डोकं फिरलं. मी दोरीखालून आत गेलो. "साहेब, ती पळाली नाही. तिला पळवली. मी तिचा बाप."

"तुम्ही बाहेर व्हा."

"होतो. आधी तिला गोलात उभी करा. मग तुम्ही मला गेटाबाहेर काढा, अंधेरीबाहेर काढा, मी जातो."

बाईंनी मला मागे ढकललं. आणि त्या त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "सर, ट्रायल खेळाची घेताय का पंचांगाची?"

आजूबाजूच्या मुली फिस्सकन हसल्या. सफारी सूटने सुपारी गिळली असावी. "लास्टला उभी करा," म्हणाला.

शेवटी उभी केली. सगळ्या मुलींचे पाय दमलेले, बॉल भिजून दगडासारखा जड. पहिला बॉल तिच्या हातून निसटला. सफारी सूट वही मिटू लागला. मग एक धिप्पाड मुलगी एकटीच बॉल घेऊन सुटली आणि माझी पोरगी तिच्या पायांत शिरली, तोंड पुढे करून. चिखल उडाला, दोघी गडगडल्या. उठली तेव्हा बॉल हिच्या पोटाशी होता आणि करंगळी भलतीकडेच वळलेली. हिने माझ्याकडे पाठ केली, करंगळी ओढून सरळ केली, मोजा चढवला. मला कळू नये म्हणून पाठ केली. मला कळलं.

त्यानंतर मुलींना गोलावर बॉल मारायला लावले. लांबून, जवळून, डाव्या कोपऱ्यात, उजव्या. ती झेपावत होती आणि बॉल हातात येत होता. आवाज येत नव्हता. तो ओला दगडासारखा बॉल, आणि आवाज नाही. मी डोळे मिटले तर मला आमच्या आंब्याची सावली दिसली आणि मी रागाने डोळे उघडले. तिथेही तो थोरला!

नावं वाचली तेव्हा तिचं नाव आलं. बाईंनी तिला उचलली. मी सफारी सूटकडे बघून फक्त नमस्कार केला. तो त्याला आयुष्यभर पुरेल.

गणपती उरकल्यावर बातमी पक्की झाली. थोरला खरंच शेवाळावरून घसरला होता, मांडी खरंच मोडली होती. अजून लंगडतो. लोक मला म्हणाले, बघ, तू विश्वास ठेवला नाहीस. मी म्हटलं, विश्वास त्याने आदल्या वर्षी खर्च करून टाकला होता, उरला नव्हता. पोरगी मात्र महाराष्ट्राचा ट्रॅकसूट मिळाल्यावर तो घालून एकटी गावाला गेली त्याला भेटायला. करंगळीला पट्टी, त्याच्या पायाला प्लास्टर. तो रडला म्हणे. मी विचारलं नाही, बायकोने सांगितलं.

मग ती काही वर्षं राज्याकडून खेळली. परगावी जायचं तर मुली शाळेच्या वर्गात बाकं जोडून झोपायच्या, आणि तिथेच आलेली पुरुषांची टीम लॉजवर. नोकरी देतो म्हणणारे साहेब फोटो काढून गेले, परत आले नाहीत. एकदा तिने अंगावर येणारं सगळं अडवून सामना जिंकून दिला, तर पेपरात बारीक दोन ओळी, त्यात गोल मारणारीचं नाव. न झालेल्या गोलाचं नाव कोण छापणार? मग लग्नाचं बघायला लागलो. एक बाई तिचा हात धरून म्हणाल्या, "करंगळी जन्मापासून वाकडी का?" पोरगी म्हणाली, "नाही, अंधेरीपासून." ते स्थळ गेलं. गेलं ते बरं झालं. पुढे चांगला माणूस मिळाला, आणि संसार, पोरं, ह्यांत मैदान सुटलं. बाईंनी एकदा बोलावलं होतं, लहान मुलींना शिकवायला. जमलं नाही.

आणि आता थोरला माईकवर सांगतो की मी केली.

मागच्या गणपतीत, त्या बक्षिसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीवर बसलो होतो. पोरगी खळ्यात होती, केस पांढरे झालेत तिचे. थोरला खुर्ची टाकून बसला होता, आता त्याला छपरावर चढता येत नाही, काठीने तवसं खेचतो. त्याने एक खेचलं, हातात घेतलं, तिच्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही बघितलं. आणि फेकलं.

"झेल गो चेडवा."

तिने झेललं. हात पोटाशी नेऊन. आवाज आला नाही.

मी ओटीवरून ओरडलो, "कशाला झेललंस?"

"फुटलं असतं ना, बाबा."

"त्या दिवशी फुटू दिलं होतंस!"

"त्या दिवशी मला फोडायचं होतं," ती म्हणाली आणि तवसं घेऊन आत गेली.

थोरला माझ्याकडे बघत होता. आता तरी बोलेन असं त्याला वाटत असावं. त्याने तिचे हात घडवले, हे खरं आहे. खरं आहे म्हणून तर मला जास्त राग येतो. मी उठलो, चपला घातल्या आणि व्हाळापर्यंत चालत गेलो. दुपारी जेवायला बसलो तेव्हा पानात तवशाची कोशिंबीर होती. मी ती तशीच ठेवली.